डालगं

तासगावच्या बुरूड आळीत अजून सात घरं बांबू फोडतात.
द्राक्षं पुठ्ठ्याच्या खोक्यांत गेली
तेव्हापासून करंडीला गिऱ्हाईक नाही.
अण्णा आता डालगीच विणतात,
विट्याकडच्या गावठी कोंबड्यांसाठी.
लग्नसराईत चार सुपं.

मी कुपवाडच्या वसाहतीत,
बेदाण्याच्या शीतगृहाला पाठ लावून उभ्या
तीन खोल्यांत प्रथिनं घडवते.
घडवते म्हणजे पडद्यावर आखते.
पुढचं जिवाणू करतात, घाम त्यांचा, सही माझी.

साठ तुकडे. एकासारखा एक.
त्यांच्यावर मुकादम नाही.
खिळा नाही, डिंक नाही, गाठ नाही.
नळीत ओतायचे आणि हात काढून घ्यायचा.
ज्याची कड ज्याला बसते
त्यानं त्याला अंधारात हुडकायचं,
धडकायचं, चुकायचं, सुटायचं, पुन्हा धडकायचं,
आणि तास-दीड तासात
एक पोकळ, गोल, डोळ्याला कधीच न दिसणारी
जाळी तयार.

असं कागदावर.
माझ्याकडे बावीस वेळा
नासल्या दुधासारखं तळाशी बसलं.
सातव्या वेळी रडले.
पंधराव्यानंतर नुसतीच नळी धुतली.

लहानपणी अण्णांच्या पुढ्यात बसून
कामट्या मोजून द्यायचे मी.
सहा कोनांची वीण चटईसारखी पसरत जाते,
कितीही विणा, सपाटच.
मग अण्णा एक कामटी गाळायचे.
त्या जागी पाच कोन व्हायचे
आणि जाळीला पोट यायचं.
भूमितीच्या बाईंनी पुढं काय शिकवलं ते आठवत नाही.
हे आठवतं.

तरीही अडलं होतं ते वेगळंच.
एकशे बाराव्या जागी एक तेलकट मणी,
पाण्याला भिणारा,
मिळेल त्याच्या गळ्यात पडायचा.
तो काढून तिथं पाणी सोसणारा बसवला.
अण्णांचा यात काही हात नाही,
उगीच गोष्ट गोड करत नाही मी.

तेविसावी नळी निवळ राहिली.

नमुना पुण्याला गेला, मोठ्या सूक्ष्मदर्शकाकडे.
रविवारी मी घरी, अंगणात, चहा हातात,
आणि फरझाना मुजावरचा फोटो आला,
खाली एकच शब्द: बघ.
राखाडी पाटीवर बारीक कडी,
शेकड्यानं, एका मापाची,
पाऊस थांबल्यावर डबक्यात राहतात तशी.

अण्णांना दाखवलं.
"कशासाठी हे?"
म्हटलं, मानमोडीसाठी.
"कोंबड्यांच्या?"
नाही, माणसांच्या. तापाच्या साथीच्या.
आळीत दोन्हींना शब्द एकच आहे.
दर साली सदरा बदलून येतो तो विषाणू,
म्हणून त्याच्या आठ जातींचे तुरे
जाळीवर शेजारी शेजारी खोवायचे,
म्हणजे रक्तातल्या राखणदारांनी
सदऱ्यावर जाऊ नये,
चाल ओळखावी.

अण्णांनी फोन लांब धरला, जवळ धरला.
"तोंड कुठाय हिला?"
नाही तोंड.
"मग आत घालायचं काय?"
काहीच नाही. तुरे बाहेरून.
आत रोग नाही, औषध नाही,
नुसता आकार.
"म्हंजी रिकामीच द्यायची लोकान्ला?"
हो.

कोयता मांडीखाली सरकवून
अण्णा जरा वेळ गप्प.
मग म्हणाले, "आमीबी रिकाम्याच इकल्या की गं जल्मभर.
भरायचं काम घेणाऱ्याचं."

उंदरांचं रक्त अजून काही बोललेलं नाही.
पौष सरता सरता कळेल.
कदाचित काहीच बोलणार नाही,
तेवढं मनाशी धरून आहे.

अण्णांनी चिरा पडलेल्या अंगठ्यानं
एक कडं मोठं करून बघायचा प्रयत्न केला.
चित्र सरकलं,
बेदाण्याचा भाव आला.
किलोमागं वीस रुपयांनी वर.
"हे बरं हाय," म्हणाले,
आणि पुढची कामटी ओढली.