उसवण

मे महिन्यात धुळ्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण.
खोलीत दोन कूलर,
त्यातला एक नुसताच घोरणारा.
शेजारी साक्रीचे भामरे सर, संस्कृतचे.
पुढच्या बाकावर नवापूरचे गावित सर, खेळाचे,
माऊस असा दाबून बसलेले
की सोडला तर पळेल.
आणि मी, शिवणकामाची.
बावीस वर्षं काजं, बटणं, कच्चा टाका, पक्का टाका,
आता शासनाच्या यादीत ‘अतिरिक्त’.

अतिरिक्त म्हणजे काय ते मला कापडावरून कळतं.
बेतून झाल्यावर उरतं ते.
मी मुलींना ते कधी फेकू दिलं नाही.

जूनमध्ये दोंडाईचाला परत आले
तर शिवणखोलीच्या दारावर नवी पाटी.
यंत्रं मागच्या शेडमध्ये, पायट्यांसकट,
त्यांच्या जागी अकरा संगणक, पैकी आठ चालू.
मी आधी काय केलं, तर त्यांची मापं घेतली.
मिरचीच्या दिवसांत इथं वारा पथारीवरून येतो,
वर्गच्या वर्ग शिंकतो.
अकरा खोळी शिवल्या, झालर लावून.
वाघ सर म्हणाले, मॅडम, झबली छान झाली.

रोज रात्री मुलाच्या जुन्या वह्या काढते.
उद्याचा धडा आज.
मुलांच्या मी एक पान पुढे असते,
कधी कधी पाऊणच.
‘व्हेरिएबल’ म्हणताना जीभ अडखळली
की फळा पुसायला वळते, पुसलेलाच.

भामरे सरांचा फोन येतो.
संधी सोडवण्यासारखंच आहे हो सगळं, म्हणतात.
मला नाही तसं वाटत.
बाही उलटी लागली तर दिसते तरी,
हे चुकतं आणि तोंड मिटून बसतं.
गावित सर मात्र मजेत.
वीज गेली की पोरं मैदानावर काढतात,
एका शिट्टीला ‘जर’, दोन शिट्ट्यांना ‘नाहीतर’.

नोव्हेंबरात, शेवटच्या तासाला,
रविना ठेलारी उठून उभी राहिली.
तिनं बापाची मेंढरं मोजायचा प्रोग्राम केला होता.
कळप साठांचा.
“मॅडम, एक मेंढरू कमीच येस. काबर?”

मी वाकून पाहिलं. ओळी सरळ होत्या,
स्वल्पविराम जागच्या जागी,
आणि मला काहीही कळत नव्हतं.
सगळे माझ्याकडे बघत होते.
उद्या सांगते, हे वाक्य ओठावर आलं होतं,
घंटेला वीस मिनिटं होती.

बावीस वर्षं मी वर्गात म्हणत आले, शुद्ध बोला.
त्या दिवशी माझ्याच तोंडून निघालं,
“माले बी समजत नही, बेटा.
चाल, उसवीसन देखूत.”

पोरं हसली, मग खुर्च्या ओढून जवळ आली.
उसवायचं म्हणजे धागा ओढायचा नाही,
कापड फाटतं.
शेवटच्या टाक्यापासून, एकेक उचलत यायचं.
आम्ही तसंच आलो, खालून वर,
एक ओळ झाकायची, उरलेलं चालवायचं.
चौथ्या ओळीवर रविना ओरडली,
“साठ सांगं तरी हाऊ एकोनसाठवरच थांबस!
शेवटलं मेंढरू वाड्याबाहेर राही जास!”
आणि तिनं एकसष्ट लिहिलं.

साठ आले.
असं का होतं, ते मला अजूनही नीट माहीत नव्हतं,
तेही सांगून टाकलं.
वहीत लिहून घेतलं, रात्री मुलाला विचारायला.

घंटा झाली. खोळी चढल्या.
पदराच्या आतल्या बाजूला सुई टोचायची सवय
अजून गेलेली नाही.
तिच्या टोकानं मी कळफलकाच्या फटीतून
मिरचीचं एक बी काढलं
आणि खिडकीबाहेर टाकलं.