अकरा मैलांवर

नौमान परकार वहीत विहीर काढतो:
दोन उभ्या भिंती, सपाट तळ.
आमच्या वाडीतली अशी नाही, मॅडम, म्हणतो,
हिला ना रहाट, ना पाणी.
नाहीच. हिच्यात एक कण आहे
आणि त्याची लाट, जी भिंतीला टेकताना
शून्य व्हायलाच हवी.
म्हणून मोजक्याच लाटा बसतात आत:
अर्धी, एक, दीड. मधलं चालत नाही,
जसं माझ्या व्हिसावर नवऱ्याच्या नावाखाली
'नोकरीस मनाई' लिहिलंय, त्यात मधलं काही नाही.
तरी दर गुरुवारी मी तुला शिकवते, पडदे ओढून.

पडद्यामागे फुजैराचं पाणी,
नांगर टाकून उभी साठ-सत्तर जहाजं,
रात्री त्यांचंच एक गाव होतं.
त्यातल्या एकावर याचे अब्बा, फिटर.
मालक बुडाला, जहाज नाही बुडालं.
सात महिने पगार नाही, उतरायला कागद नाही.
भरतीला तोंड एकीकडे, ओहोटीला दुसरीकडे,
साखळी तेवढीच.

आणि मुक्त कण, मॅडम?
त्याला भिंत नाही. कुठलीही ऊर्जा चालते त्याला.
पण सापडण्याची शक्यता सगळीकडे सारखी,
म्हणजे कुठेच धड नाही.
सगळी मिळून एक करायला जावं, तर बेरीज संपत नाही.
असा कण खरं तर नसतोच, नौमान.
असतो तो लाटांचा पुंजका,
सोडला की पसरत जाणारा.
(माझा भाऊ. आधी दर रविवारी फोन,
मग दिवाळीला,
मग नुसताच बदललेला पत्ता.)

तो खोडरबर चुरत बसतो.
पण सगळ्यात खालच्या पायरीवर तरी
बांधलेला कण स्वस्थ असेल?
नाही रे. तळाशीसुद्धा थरथर उरते,
ती कुणाला काढून घेता येत नाही.

मग मी भिंती अनंतावरून खाली आणते,
खऱ्या भिंती असतात तेवढ्या.
आता बघ, लाट भिंतीपाशी संपत नाही.
आत शिरते, झिजते,
निम्मी, निम्म्याची निम्मी,
कागद संपतो, पेन्सिल अक्षाला टेकत नाही.

टेबलावर फोन उजळतो.
रेंजची एकच काडी, तीही येते-जाते.
'जेवलास काय?' आणि पुढे नुसती खरखर.
नौमान उठतो, पडदा सारतो,
मी अडवत नाही.
फोन काचेला लावून धरतो, दोन्ही हातांनी.