नोंद क्रमांक ४११७

कॉलेज रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
सकाळी साडेनऊला मी युरोप उघडते.

कुठे बर्फाच्या पोटातून काढलेल्या कांड्या
उणे छत्तीसला जपून ठेवल्यात,
कुठे डोंगर पोखरून माणसं कान लावून बसलीत.
कशासाठी, ते रकान्यात मावत नाही.
रकाना दोनशे अक्षरांचा.

नाव. देश. मालकी कुणाची. सुरू केव्हा झालं.
बाहेरच्यांना वापरू देता का, देत असाल तर विचारायचं कुणाला.
एवढ्याचसाठी सगळा खटाटोप,
की पोलंडातल्या एखाद्या पोरीला कळावं,
तिला हवा तो सूक्ष्मदर्शक
सरहद्दीपलीकडे तीन तासांवर रिकामा बसलाय.

सोपं वाटलं होतं.
मग एकच दुर्बीण चार वेळा आली,
एकदा फ्रेंच नावानं, एकदा नुसत्या आद्याक्षरांनी,
एकदा पैसे देणाऱ्या विद्यापीठाच्या नावानं
आणि एकदा फक्त ‘मोठी दुर्बीण’.
नीलोफर म्हणाली, आमच्या चाचांसारखं गं.
रेशनकार्डावर शफी, बँकेत मोहम्मद शफी,
कोकणीपुऱ्यात बाबूमिया.
माणूस एकच, उधारी तिन्ही नावांवर.

आम्ही त्या चारांची एक केली.
दोन देशांतून रागाची पत्रं आली.

घरी जाताना कधी रामकुंडावर
दिगंबरकाका गायधनींकडे टेकते.
लाल फडक्यात बांधलेल्या लांबट वह्या,
आधी गावावर लावलेल्या, मग आडनावावर.
लांबून आलेला माणूस गाव सांगतो,
काका गाठ सोडतात,
आणि चार मिनिटांत त्याचा पणजोबा हजर,
त्याच्या स्वतःच्या अक्षरात,
नदीला पाणी नव्हतं त्या सालचा.
‘याचा बॅकअप?’ मी विचारलं.
‘पुतण्या,’ काका म्हणाले.
पुतण्या पुण्यात टायर विकतो.

‘तुमच्याकडे एकच घर दोनदा येतं का?’
‘येतं की. भाऊ भांडले
की वहीसुद्धा बदलतात.’

एकदा मी माझं गाव सांगितलं. निऱ्हाळे, तालुका सिन्नर.
आजोबा निघाले. बाप निघाला,
सहीतला त इंचभर लांब, शेपटी ओळीबाहेर.
भाऊ निघाला, वय वर्षं चार, निळा अंगठा.
मी त्या दिवशी तिथंच होते,
ओल्या फ्रॉकात, पायरीवर, पेरू खात.
‘मुलींचं सासरच्या वहीत,’ काका म्हणाले.
‘आणि सासर नसेल तर?’
काकांनी पान उलटलं.

ऑफिसात तरी काय वेगळं.
प्रत्येक नोंदीखाली बारीक अक्षरात, भरणारा: ना. १७.
चार हजार एकशे सोळा वेळा ना. १७.

मार्चमध्ये पत्र आलं, आल्प्समधल्या एका ठाण्यावरून.
हवा मोजतात तिथं, दोन माणसं आणि एक कुत्रं.
संपर्क व्यक्ती म्हणून जिचं नाव, तिनंच लिहिलेलं.
उंची दोन मीटरनं कमी पडलीय.
यंत्र तिसऱ्या खोलीत आहे, दुसऱ्या नाही.
आणि ही नोंद केली कुणी?
बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारलंय
की आलेला माणूस झोपणार कुठं.

तो रकाना त्यांच्या तक्त्यात नव्हताच.
मीच वाढवला होता. मुक्कामाची सोय.
नाशकात वाढलेल्या माणसाला
त्याशिवाय यादी पुरी वाटत नाही.

उंची दुरुस्त केली. खोली दुरुस्त केली.
उत्तराखाली ना. १७ लिहिलं, खोडलं,
आणि साधंच टाईप केलं,
ज्योत्स्ना तुळशीराम सांगळे.
कीबोर्डवर त ची शेपटी लांबवता येत नाही,
मी प्रयत्न केला.

मग पुढची उघडली.
एक जहाज. समुद्राचा तळ मोजणारं.
मालक तीन, तिघांचे फोन लागतात,
सध्या आहे कुठं
ते तिघांनाही नक्की माहीत नाही.