दहा मिनिटं पुढे

नझीर परकार जहाजावर चढतो तेव्हा
त्याच्या गाडीची चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते,
चष्म्याच्या घराला घासत.
आठ महिने, कधी नऊ.
दर रविवारी वीस मिनिटं, काका, एवढंच.
आणि काळी वायर काढू नका.

काळी वायर काढली असती तर सोपं होतं.
बॅटरी गपगुमान झोपली असती,
तो आला की उठली असती.
गुहागर डेपोत बत्तीस वर्षं काढली मी,
एवढं मला कळतं:
बंद गाडीसुद्धा थोडंथोडं खात असते.
घड्याळ खातं, रेडिओची आठवण खाते,
कुठलंसं लॉक आपलं आपण जागं राहतं.

पण त्या घड्याळाचंच तर होतं सगळं.
फरझानाने ते दहा मिनिटं पुढे लावलेलं,
दाभोळची फेरीबोट चुकू नये म्हणून.
वायर काढली की घड्याळ बारावर येतं
आणि ती दहा मिनिटं जातात.
फरझाना आता मुंब्र्याला असते.
का, ते मी विचारलेलं नाही.

तर रविवारी आधी बॉनेटवरची मांजर उठवायची.
मग बॉनेट.
खाडीचं वारं आठवड्याभरात टर्मिनलवर फूल धरतं,
पांढरट, हिरवट, शेवाळ म्हणावं तर कोरडं.
कढत पाणी, चिमूटभर सोडा, दातांचा जुना ब्रश,
वरून व्हॅसलिनचं बोट.
उंदरांसाठी डांबराच्या चार गोळ्या.
मग आत बसायचं, सीट न हलवता.
नझीर माझ्यापेक्षा वीतभर उंच,
क्लचपर्यंत पाय पुरवावा लागतो.

नुसती जागेवर गुरगुरून बॅटरी भरत नाही, फिरवायला हवी.
पण डाव्या डोळ्यात माझ्या धुकं, उजव्यात येऊ घातलेलं.
रस्त्यावर काढायची नाही, असं डॉक्टर म्हणाले
आणि मंगल गेटला टेकून
त्यांच्या वतीने उभी असते.
म्हणून गेटपासून फणसापर्यंत,
फणसापासून गेटपर्यंत.
कुंभार्लीचा घाट रात्रीचा उतरवलाय मी, साठ माणसं घेऊन.
इथे गिअर दोनच: पहिला आणि मागचा.

कधी त्याच वेळी फोन येतो.
मागे समुद्र नसतो, कसल्याशा पंख्याची घरघर असते.
"जरा ऐकवा."
मी फोन बॉनेटवर धरतो.
तीन मजली इंजिनाचा माणूस तो,
या चिमुकल्या धडधडीला कान लावून
बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणतो, "बेल्ट किरकिरतोय."
किरकिरतच असतो.

भाद्रपदात डोळ्याचं ऑपरेशन झालं, डेरवणला.
वाकायचं नाही, धूळ नको, धूर नको.
चार रविवार गेले.
पाचव्याला चावी फिरवली:
टक्.
टक् टक्.

आमच्या वेळी मुक्कामाची गाडी उतारावर लावायचो,
पहाटे ढकलायला निम्मा गाव यायचा,
कंडक्टर मागून शिव्या घालत.
इथे अंगण सपाट,
आणि ढकलणारे सगळे नालासोपाऱ्याला.
शेवटी बावा पालशेतकराचा टेम्पो आणला,
मच्छीच्या बर्फाचं पाणी गाळत आला तो.
लालला लाल.
काळा मात्र इंजिनाच्या लोखंडाला.
एक ठिणगी उडाली, बावा मागे सरला,
गाडी खोकली आणि लागली.

घड्याळात बारा.
मधले दोन ठिपके उघडझाप करत.

टेम्पो गेल्यावर मी नव्या डोळ्याने
मनगटावरची वेळ वाचली, नऊ सत्तेचाळीस,
आणि बटण दाबत दाबत
नऊ सत्तावन्नवर आणून सोडलं.
नझीरला सांगितलेलं नाही.
ही दहा माझी आहेत, तिची नव्हेत.
मोजायला सारखीच.

खाली जेटीवर दहाच्या बोटीचा भोंगा झाला,
गाडीत दहा-दहा.
मंगल म्हणाली, झाली की वीस मिनिटं, बंद करा.
म्हटलं, आज चाळीस.