तास झाला

बत्तीस वर्षं मी टिळकवाडीच्या कॉलेजात टोल दिला.
टोल म्हणजे रुळाचा हातभर तुकडा,
करंजाच्या फांदीला तारेनं टांगलेला.
प्राचार्य नऊ बदलले. रूळ तोच.

आता कंग्राळीत पत्र्याखाली
मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून बसलोय.
बाजूला बसाप्पा, त्यांची सून, सुनेची दोन पोरं.
पडद्यात लायडन गावची जुनी खोली,
भिंतीवर मेलेले प्रोफेसर ओळीनं, काळ्या झग्यात,
आणि खाली माझी सुप्रिता,
आईची हिरवी इरकल नेसून.

हे विद्यापीठ तिनं मला रविवारी रविवारी
फोनवरून शिकवलं.
साडेचारशे वर्षांमागं गावाला वेढा पडलेला.
खायला काही उरलं नाही, तेव्हा बांध फोडून
आपल्याच शेतांत पाणी घेतलं लोकांनी,
त्या पाण्यावरून होड्या आल्या, पाव आणि मासळी घेऊन.
मग राजपुत्रानं विचारलं म्हणे,
बोला, करमाफी देऊ की विद्यापीठ?
गाव म्हणालं, विद्यापीठ.

"खरं का गं?"
"दंतकथा आहे, बाबा. पण सगळे सांगतात."
त्या रात्री मला झोप नाही.
आम्हाला कुणी असं विचारलं असतं,
तर आम्ही आधी विचारलं असतं:
पाटी कुठल्या भाषेत?

सुरुवातीला चारच खाती होती:
देव, कायदा, औषध, आणि उरलेलं सगळं.
आता सात. तीन वर्षांची पहिली पदवी,
पुढची एका-दोन वर्षांची, त्यापुढं हे.
वर्षाला साठ गुण,
एका गुणाला अठ्ठावीस तासांची मेहनत.
मी कॅलेंडरच्या पाठीमागं हिशोब मांडला:
रोज सहा टोल, दोनशे ऐंशी दिवस.
बरोबर बसला. माझं एक वर्षच ते.

आधी म्हणे सगळं लॅटिनमध्ये शिकवायचे,
कुणाच्याच चुलीपाशी न बोललेल्या भाषेत,
म्हणून भांडण नाही. मग डच आली.
आता इंग्रजी फार झाली करून तिथं ओरड चाललीय.
बसाप्पांनी पान थुंकून विचारलं, "अल्लीनू?"
तिथंही, मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही
उगाच बरं वाटल्यासारखे हसलो.

पोरीनं लिहिलंय खानापूरकडच्या दगडांवर,
जिथं ओळीच्या मध्येच भाषा बदलते
आणि दगडाला काही होत नाही.

एक गोष्ट तिनं मला सांगायला नको होती.
निकालाआधी पोरांना बसवतात
त्या खोलीला तिथं घामाची खोली म्हणतात.
पास झालेल्यानं भिंतीवर सही करायची.
शेकडो वर्षांच्या सह्या, कुणी पुसत नाही.
मी दर मे महिन्यात, सुट्टी लागली की,
बादलीभर चुना कालवायचो.
लोहार, एम. बी., बी. ए. दोन. शकुंतला + कोण की.
बत्तीस उन्हाळे.
कुणाकुणाला पांढरं केलं, आता आठवत बसतो.

पडद्यात प्रश्न चाललेत.
एक टकल्या प्रोफेसर हात हलवून
काहीतरी लांबलचक विचारतोय,
सुप्रिता पदराचं टोक बोटाला गुंडाळतेय.
पाऊण तास भरतो. दार उघडतं.
झग्यातला एक माणूस आत येतो,
हातात चांदीच्या घुंगरांची उंच काठी,
ती जमिनीवर आपटतो
आणि दोनच शब्द बोलतो. लॅटिन.
मला ते पाठ आहेत: तास झाला.
टकल्याचं वाक्य अर्ध्यावर राहतं.
सगळे प्रोफेसर गप्प.

"अज्जा, तो राजा काय?" धाकट्यानं विचारलं.
"नाही रे," मी म्हणालो, "शिपाई."
केव्हा उभा राहिलो मला कळलं नाही,
उजवा हात वर, रुळाच्या उंचीला.

तेवढ्यात रेंज गेली.
काठी तिथंच, माझी पोर तिथंच,
मधोमध एक चाक फिरतंय.
बसाप्पांची सून चहाला उठली.
धाकटा मोबाइल घेऊन पत्र्यावर चढला.