विट्यातली जुनी ट्रॉली

रंग कालचाच. बोटाला लागला.
मुल्लाचाचा म्हणाले, "एकाच हातातली हाय,
म्हसवडच्या जत्रेला दोनदा गेली, बास."

मी खाली शिरले. पाठीला खडी टोचत होती.
हुकाची पिन एका अंगानं झिजलेली.
चाक हलवलं तर बेअरिंग कुरकुरलं.
टायरवर नक्षी शाबूत, पण कडेला भेगा,
उन्हात नुसतं उभं राहून पडतात तशा.

रबरी मॅट उचलली.
स्क्रूड्रायव्हर फळीत दाबला,
भिजल्या भाकरीत बोट जावं तसा आत गेला.
वर्षांचं मूत मुरलेलं.
"फळ्या काय, दोन हजारात नव्या पडत्यात."

पडतील.
दिवे, ब्रेकची तार, तेही होईल.
पण डाव्या पत्र्याला आतून
टापांचे खोलगे, एकावर एक,
रंगानं न बुजलेले,
आणि आडव्या दांडीवर दातांच्या खुणा.
कोण होतं आत? कुठल्या घाटात?

काजळीला आणलं.
तिनं फळीवर एक पाय टाकला,
मान लांबवून दांडी हुंगली,
कितीतरी वेळ,
आणि पाय मागं घेतला.

चाचांनी आपणहून पाच हजार उतरवले.
घोडी अजून आतच बघत होती.
मी विचारलं,
"दांडी बदलून देता का?"