पावतीवरचा घोडा

खिडकीची जाळी एवढीच, की पैसे आत येतील
आणि तोंड बाहेर राहील.
सव्वीस वर्षं मी तिच्या आतल्या बाजूला,
अंगठ्याला निळा कार्बन,
वर पंखा, जो फिरतो पण वारा देत नाही.

करुणा मसराम, बी.ए. भाग एक, रोल नंबर एकशे सोळा,
पैसे भरून गेली नाही.
मागे रांग कुरकुरत होती, हिनं पावती उन्हात धरली,
नोट खरी का खोटी बघावी तशी.
"बाबू, हे अश्वमेध म्हंजे काय व्हय?"
म्हटलं, खेळाचा महोत्सव. विद्यापीठाचा.
"मंग घोडा कोठी हाय?
तीस रुपये देल्ले न मी त्याचे."

रांग हसली. मीही.
पण बोट खाली सरकत गेलं.
इंद्रधनुष्य, वीस.
जिमखाना, साठ; त्याची किल्ली
भोयर सरांच्या स्कूटरच्या जुडग्यात.
सायकल स्टँड, पंधरा. "मी त पायदळ येतो बाबू,
अडाणच्या काठाकाठानं."
वैद्यकीय तपासणी: भाद्रपदात एक दिवस डॉक्टर येतात,
दोनशे पोरींची उंची नजरेनंच घेतात.
वार्षिकांक, पन्नास. शेवटच्या अंकात ज्यांचं मनोगत आहे
ते प्राचार्य वारून चार वर्षं झाली.
विद्यार्थी साहाय्य निधी, दहा.
"आन हे दहा कोनाले भेटते?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं.
संध्याकाळी रजिस्टर काढलं. वाळलेला डिंक, झुरळाची अंडी,
शेवटची नोंद अकरा वर्षांपूर्वीची:
तुळशीदास उईके, चष्मा, एकशे ऐंशी.
त्यानंतर कोणालाच कमी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, अर्ज कर.
तिनं केला. फीमाफीसाठी नाही.
मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, लिहिलं होतं.
दोघी जातो. एक आत, एक बाहेर
ओढणीनं दार ओढून धरते.
तेवढ्यात इतिहासाचा तास जातो, दोघींचाही.

प्राचार्यांनी विचारलं, कडी कोणत्या शीर्षात?
जिमखान्यात बसत नाही. वैद्यकीयात ओढूनताणून.
बांधकामाची समिती वेगळी, समितीला कोरम नाही.
एका दुपारी मीच सगळी शीर्षं मांडली कागदावर,
अकराशे चाळीस पोरं, गुणिले, वजा विद्यापीठाचा हिस्सा.
घोडा बसत होता त्यात, इंद्रधनुष्यही.
पंचेचाळीस रुपयांची कडी बसत नव्हती.
तुरीला शेंगा धरल्या. फाईल तिथंच.

मग एका बुधवारी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी,
जाळीतून कागद आला आत. पैसे नाही, नुसता कागद,
रेघा पट्टीनं ओढलेल्या:

कडी एक, पंचेचाळीस.
स्क्रू चार, आठ.
पेचकस रज्जाकभाईंच्या दुकानातून, परत केला.
वर्गणी, बत्तीस मुली, दोन-दोन रुपये, चौसष्ट.
उरले अकरा. ते रेश्मा ढोणे हिच्या कंपासपेटीत.
कोणीही पाहून घ्यावे.

कोणीही पाहून घ्यावे.
सव्वीस वर्षांत हे वाक्य मी लिहिलं नाही.
आमच्या ताळेबंदाखाली सही असते, गोल शिक्का असतो.

मार्चमध्ये ऑडिटर आले,
कागद उलटापालटा केला. क्रमांक नाही, शीर्ष नाही,
हे इथं कशाला लावलं?
म्हटलं, राहू द्या साहेब, फाईल जरा भरलेली दिसते.
ते हसले, चहा प्यायले, पुढचं पान.

मधल्या सुट्टीत मागच्या बाजूला
लोखंड लोखंडात जातं, एवढासा आवाज.
बाहेर आता कोणी उभं नसतं.

घोड्याचं ती अजून विचारते, येता-जाता.
मी म्हणतो, निघाला आहे अमरावतीहून.
"पायदळ?" म्हणते.